ट्रायकोमोनियासिस: अंगावरून पांढरे जाणे पुन्हा पुन्हा का होते?

“डॉक्टर, गोळ्या घेतल्या की बरं वाटतं, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच.” हिंगोली, सेनगाव, कळमनुरी भागातल्या महिलांकडून हे वाक्य ओपीडीत नेहमी ऐकायला मिळते. अंगावरून पाणी जाण्याची कारणे अनेक असतात. त्यातले एक महत्त्वाचे आणि पूर्ण बरे होणारे कारण म्हणजे ट्रायकोमोनियासिस. तो उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पतीचा उपचार राहून गेलेला असतो.

हा आजार कशामुळे होतो?

ट्रायकोमोनास व्हजायनालिस हा एकपेशीय परजीवी आहे. तो योनीमार्गात आणि मूत्रमार्गात राहतो आणि शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात याचे सुमारे १५ कोटी ६० लाख नवे रुग्ण होते. म्हणजे हा दुर्मीळ आजार नाही, आणि तो झाला म्हणून कोणी वाईट चालीचे ठरत नाही.

लक्षणे कोणती?

महिलांमध्ये:
• पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ, दुर्गंधी येणारे पाणी जाणे
• खाज, आग, लालसरपणा
• लघवीला जळजळ
• संबंधाच्या वेळी दुखणे

अनेक महिलांना काहीच त्रास जाणवत नाही. पुरुषांमध्ये तर बहुतेकांना लक्षणे नसतात. काहींना लघवी करताना जळजळ होते किंवा थोडा स्राव येतो. त्यामुळे “मला काही त्रास नाही, मी कशाला गोळ्या घेऊ?” असे पती म्हणतात. पण त्रास नसला तरी त्यांच्याकडून संसर्ग परत येऊ शकतो.

संशय घेण्याआधी

हा संसर्ग महिनोन्‌महिने, कधी काही वर्षेही लक्षणांशिवाय शरीरात राहू शकतो. म्हणून तो कोणाकडून आणि कधी आला, हे तपासणीवरून सांगता येत नाही. ऊसतोडीला किंवा कामाला बाहेरगावी राहून आलेल्या जोडप्यांत यावरून भांडणे होतात. त्याऐवजी दोघांनी एकदम उपचार घ्यावा.

तपासणी कशी होते?

योनीमार्गातील स्रावाचा थेंब सलाईनमध्ये मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हलणारे परजीवी दिसले की निदान पक्के. नमुना पडून राहिला तर त्यांची हालचाल थांबते आणि ते ओळखू येत नाहीत. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी लक्षणांवरून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. मोठ्या प्रयोगशाळांत अधिक अचूक जनुकीय चाचणीही होते.

उपचार काय?

मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल किंवा सेक्निडॅझोल या गोळ्यांनी हा आजार बरा होतो. महिलांना बहुधा मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. एड्स नियंत्रण कार्यक्रमातील सुरक्षा क्लिनिकमध्ये योनिस्रावासाठी हिरव्या रंगाचे किट मिळते; त्यात सेक्निडॅझोल २ ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते. जिल्हा रुग्णालयात हा उपचार मोफत आहे. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवावा.

• पती-पत्नी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे.
• बरे वाटले तरी कोर्स अर्धवट सोडू नये.
• दोघांचा उपचार संपून एक आठवडा होईपर्यंत संबंध टाळावेत.
• या दिवसांत दारू घेऊ नये. तोंडाला धातूसारखी चव येणे किंवा मळमळणे घाबरण्यासारखे नाही.
• तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.
• एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यावी, कारण या संसर्गात एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो.

गरोदर असाल तर आधी सांगा. या संसर्गामुळे दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन कमी असण्याचा धोका वाढतो. हिरव्या किटमधील फ्लुकोनॅझोल गरोदरपणात देत नाहीत, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडॅझोल देता येते.

गर्भाशय काढणे हा यावरचा उपाय नाही

पांढरे जाते म्हणून “पिशवी काढून टाका” असा सल्ला घेऊन महिला येतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची राज्य सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली होती. हा परजीवी योनीमार्गात आणि मूत्रमार्गात राहतो; पिशवी काढली तरी तो तिथेच राहतो. अशा सल्ल्यानंतर घाई न करता दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

दुखणे अंगावर काढू नका

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० महिला तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. लाजेपोटी गप्प राहणे आजही संपलेले नाही. पोटात खाली दुखणे, ताप, रक्तस्राव किंवा वारंवार पाणी जाणे असेल तर लवकर दाखवा. आशाताईंना सांगितले तरी त्या सोबत येतील. आणि येताना शक्य असेल तर पतीलाही घेऊन या.