हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची दुर्मीळता व नोंदींचे प्रामाण्य

राहुरी परिसरातील रब्बी ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे शिवारावर उतरू लागतात आणि राखणदारांच्या गोफणी सुरू होतात. भोरडी, म्हणजेच पळसमैना, ही दख्खनच्या शेतकऱ्यास इतकी परिचित आहे की तिच्या आगमनाची नोंद करून ठेवावी असे सहसा कोणास वाटत नाही. हाच पक्षी ब्रिटनच्या किनाऱ्यावर एकटादुकटा उतरला, तर मात्र त्याच्या दर्शनासाठी पक्षिनिरीक्षक दुरून येतात. उलट, तेथील अंगणाअंगणांत दिसणारी काळी, ठिपकेदार साधी मैना हिवाळ्यात उत्तर भारतात मोठ्या संख्येने उतरत असली, तरी दख्खनपर्यंत ती क्वचितच पोहोचते. ब्रिटनमधील निरीक्षक साध्या मैनांच्या थव्यात भोरडी शोधतो. राहुरीच्या निरीक्षकाने भोरड्यांच्या थव्यात साधी मैना शोधावयाची असते.

यावरून दुर्मीळता हा पक्ष्याच्या अंगचा गुण नव्हे, हे ध्यानात येते. ती पक्षी, स्थळ आणि ऋतू यांच्या परस्परसंबंधातून उद्भवते. माळढोकाची दुर्मीळता अर्थातच निराळी. सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील माळरानांवर त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित झाले, तरी त्याचा ऱ्हास थांबला नाही. ही जातीच्या क्षयामुळे आलेली दुर्मीळता होय. हिवाळी नोंदवह्यांत अधिक आढळते ती भरकटलेल्या पक्ष्यांची दुर्मीळता. भोरडीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. मध्य आशियातील गवताळ प्रदेशात ती वसाहती करून वीण घालते आणि त्या काळात तिचा मुख्य आहार टोळ व नाकतोडे हा असतो. टोळ जेथे विपुल तेथे वसाहत, असा तिचा क्रम असल्याने काही वर्षी तिचे थवे नेहमीच्या मर्यादेच्या बरेच पश्चिमेस सरकतात व तिकडे ती ‘दुर्मीळ पाहुणी’ म्हणून नोंदली जाते. येथे दाण्याची वैरीण समजली जाणारी ही पाखरे तेथे पिकांची रक्षक ठरतात, हेही कृषिशास्त्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

काही दुर्मीळता मात्र केवळ भासमान असते. बारागाव नांदूर येथील मुळा धरणाचा जलाशय सुमारे २६ अब्ज घनफूट क्षमतेचा आहे. पावसाळ्याअखेर तो भरलेला असताना उथळ काठ पाण्याखाली जातात आणि चिखलात चोच खुपसून अन्न मिळविणाऱ्या पाणपक्ष्यांना तेथे थारा मिळत नाही. रब्बीची आवर्तने सुटून पाणी उतरू लागले की चिखलपट्टे उघडे पडतात व हे पक्षी ‘अकस्मात’ दिसू लागतात. अशा वेळी ते नुकतेच उत्तरेकडून आले असा निष्कर्ष काढणे घाईचे होय. कदाचित ते महिना दोन महिने जायकवाडीच्या काठीच असतील. म्हणून जलाशयावरील नोंदीत त्या दिवशीची पाण्याची पातळी नसेल, तर ती नोंद अर्धीच समजावी.

याहून कठीण प्रश्न नोंदीच्या सत्यासत्यतेचा. पट्टकादंबासारख्या पक्ष्याच्या बाबतीत मंगोलियात चढविलेला क्रमांकित गळपट्टा येथील जलाशयावर वाचता येतो आणि वादास जागा उरत नाही. परंतु बहुतेक नोंदींमागे निरीक्षकाच्या शब्दाखेरीज काही नसते. तो शब्द खोटा निघाला तर काय घडते, याचा दाखला खानदेशातच आहे. रानपिंगळ्याचे वर्णन ह्यूम यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर डेव्हिडसन या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात त्याचे नमुने मिळविले. पुढे कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे तो मिळाल्याचे सांगितले व ती नोंद ग्रंथांत रूढ झाली. मधल्या काळातील शोध निष्फळ ठरले. अखेर पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी त्या कातडीची बारकाईने, क्ष-किरणांच्याही साहाय्याने, परीक्षा केली. ती ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेली, मुळात डेव्हिडसन यांची, आणि नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेली असल्याचे निष्पन्न झाले. मांडवी बाद होताच खऱ्या स्थळांकडे लक्ष वळले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना सकाळच्या उजेडात बसलेला रानपिंगळा दिसला. १८८४ नंतरची ही पहिली विश्वसनीय नोंद. पक्षी दुर्मीळ होता हे खरेच. पण एका बनावट चिठ्ठीने त्याला अधिकच अदृश्य केले होते.

शहाद्याच्या नोंदीचे बळ कशात होते, हे पाहण्यासारखे आहे. साध्या पिंगळ्याशी त्याची गल्लत सहज होऊ शकली असती. परंतु माथ्यावर ठिपक्यांचा जवळजवळ अभाव, पंख व शेपटीवरील ठळक पट्टे आणि भक्कम पाय ही लक्षणे तपासण्यात आली, चित्रणही करण्यात आले. पाहणाऱ्याची कीर्ती येथे पुरावा म्हणून पुढे करण्यात आली नाही. माइनर्ट्झहागेन यांचीही कीर्ती काही कमी नव्हती!

भोरड्यांच्या थव्यातील साध्या मैनेस हीच कसोटी लावावी लागेल. भोरडीची पिले मातकट रंगाची व पिवळसर चोचीची असतात आणि अंधुक उजेडात चकवितात. साध्या मैनेचे हिवाळ्यातील अंग काळे, झळाळीचे व पांढुरक्या ठिपक्यांनी भरलेले, तर चोच गडद असते. दिवस, वेळ, उजेडाची दिशा, अंतर आणि थव्यातील अंदाजे संख्या यांची टिपणे जागेवरच करावीत. घरी येऊन चित्रांचे पुस्तक उघडल्यावर स्मृती पुस्तकाप्रमाणे वळते. सायंकाळी थवे बाभळींत किंवा उसाच्या फडात रातथाऱ्याला उतरतात, तेव्हा पाहणी सोयीची पडते. ज्या संध्याकाळी हजार भोरड्या तपासूनही वेगळे काही सापडले नाही, तिचीही नोंद तितक्याच काळजीने वहीत व्हावी. अशा नोंदींवाचून एका ठिपकेदार मैनेचे मोल ठरविता येत नाही.