वस्तरा बोलतो, कान द्या!

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला आजोळी माळा आवरत होतो. पत्र्याच्या डब्यात आजोबांचे दोन जुने वस्तरे सापडले. एक चांगला वजनदार, दुसरा हातात घेतला तर पात्याचं वजनच जाणवेना. दोन्ही घेऊन मी गल्लीतल्या सलूनमध्ये गेलो. आजोबांची दाढी करणारे आबा आता सत्तरीपुढचे. दुकान नातू चालवतो, आबा बाकावर बसून पेपर वाचतात.

आबांनी चष्मा पुसला आणि दोन्ही पात्यांना नखानं टिचकी मारली. जाड पातं ‘ठक’ म्हणालं. पातळ पातं ‘टिंग’ करून थरथरत राहिलं. “आयक भाऊ, वस्तरा बोलस,” आबा हसले.

पाचर आणि पोकळ

वस्तऱ्याचं पातं आडवं कापून पाहिलं, तर फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या पद्धतीचं पातं असतं लाकूडफोड्याच्या पाचरीसारखं. पाठीकडे जाड आणि सरळ उतरत धारेकडे निमुळतं. दुसऱ्या प्रकारात दगडी चाकांवर पात्याच्या दोन्ही बाजू आतून गोल घासून काढतात. पाठ जाडच राहते, पण धारेजवळचं पोलाद अगदी पातळ होतं. या दोन टोकांच्या मध्ये अर्धं पोकळ, पाव पोकळ असे प्रकार आहेत. इंग्लंडमधलं शेफिल्ड आणि जर्मनीतलं झोलिंगन ही वस्तऱ्यांची नावाजलेली गावं. पूर्ण पोकळ पात्यासाठी झोलिंगनचे कारागीर विशेष ओळखले गेले.

आता आवाजाचं गणित. पातं केसावर येतं, केस थोडा अडतो आणि तुटतो. असे शेकडो केस एकापाठोपाठ तुटतात. प्रत्येक वेळी पात्याला बारीक धक्का बसतो. पातळ पातं त्या धक्क्यानं थरथरतं आणि त्या थरथरीचा आवाज होतो. पत्र्याची जाडी निम्मी केली, की तिचा ताठपणा निम्मा नाही, आठवा हिस्सा उरतो. म्हणून पोकळ वस्तरा गातो आणि पाचरी वस्तरा गप्प राहतो. घरीच करून बघा. स्टीलच्या ताटाला चमचा मारा, मग लोखंडी खलबत्त्याला मारा.

एक गाल असा, एक गाल तसा

मला दोन्ही वस्तरे अनुभवायचे होते. आबांनी दोन दिवस मागून घेतले. आधी दगडावर धार काढली. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासायचं, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. पाचरीला वेळ जास्त लागला, कारण तिची अख्खी बाजू दगडाला लागते. पोकळ पात्याची फक्त पाठ आणि धारच टेकते. मग चामड्याच्या पट्ट्यावर फेऱ्या. इथे धार पुढे नाही, पाठ पुढे. उलटं केलं तर पट्टाच कापला जातो.

तिसऱ्या दिवशी स्पिरिटनं पुसून आबांनी वस्तरे हातात घेतले. नातवाला म्हणाले, “तो स्पीकर बंद कर. पंखाबी.” अहिराणी गाणं थांबलं. गरम पाणी, साबणाचा फेस आणि मग डाव्या गालावर पाचर. आवाज जवळजवळ नाहीच. लोण्यातून सुरी फिरावी तसं वाटलं. वजन वस्तऱ्याचंच, हाताला जोर लावावा लागत नाही. दाट, राठ दाढीला हे पातं वाकत नाही.

उजव्या गालावर पोकळ वस्तरा. कानाजवळून सुरुवात झाली आणि अंगावर काटाच आला. खर्रर्र! वाळलेलं केळीचं पान फाडल्यासारखा स्पष्ट आवाज. गालावर तो मोकळा होता, हनुवटीवर केस दाट झाले तसा भरीव झाला. प्रत्येक केस तुटल्याचं कातडीलाही कळत होतं.

हा आवाज म्हणजे नुसती गंमत नाही, कारागिराला मिळणारी खबर आहे. फेस सुकला की आवाज खरखरीत होतो. धार गेली की तो बसतो आणि केस ओढले जातात. कोन फार उभा झाला तर पातं कातडी खरवडायला लागतं. हाताचा जोर वाढला तर पातळ पातं वाकतं, धार चुकते आणि रक्त येतं. पाचरी वस्तरा असं काहीच सांगत नाही. तिथे सगळा भरवसा हातावर.

आणि केस मऊ म्हणून धार टिकते असं समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केसही धारेचे टवके उडवू शकतो. आबा दाढीआधी दर वेळी पट्टा का ओढायचे, ते मला तेव्हा कळलं.

अर्ध्या ब्लेडचा जमाना

आज जळगाव-धुळ्यात कुठेही बसा, तुमच्यासमोर नवं ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात अडकवतात. हे बरोबरच आहे. एकच वस्तरा अनेकांना लावला तर रक्तातून हिपॅटायटीस बी, एचआयव्हीसारखे आजार पसरू शकतात. त्यामुळे दुकानात नवं ब्लेड मागाच. लाजू नका. जुना वस्तरा असेल तर तो एकाच माणसाचा.

पण अर्धं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड आणि पकडीत घट्ट आवळलेलं. बाहेर फक्त धारेची किनार. थरथरायला जागाच नाही, म्हणून त्याचा आवाज बारीक, कोरडा आणि खबर कमी. त्यात वर स्पीकर चालू.

आबांचा नातू हे सगळं बाजूला उभा राहून ऐकत होता. सहा वर्षं दुकान चालवतोय, पण हा आवाज त्यानं पहिल्यांदाच नीट ऐकला. “मी करून बघू?” त्यानं विचारलं. आबांनी गल्ल्यातून फुगे काढले, एक फुगवला, फेस लावला आणि पातळ वस्तरा त्याच्या हातात दिला.

पहिला फुगा फुटला. दुसराही. तिसऱ्या वेळी तो मान तिरकी करून ऐकत ऐकत वस्तरा फिरवत होता. फेस निघाला, फुगा राहिला. स्पीकर अजून बंदच होता.