सेकंदाला तीस अक्षरं आणि सभागृहातली रांग

कात्रजचा घाट उतरून साताऱ्याकडे निघालं की भोर तालुक्यात महामार्गावर वरवे बुद्रुक लागतं. या गावाचं नुसतं नाव 300 बॉडच्या जुन्या मोडेममधून पाठवायचं ठरवलं तर किती वेळ लागेल? आज आपण वापरतो त्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. मात्रा, उकार आणि जोडाक्षरातला हलन्त धरून ‘वरवे बुद्रुक’मध्ये अशी 11 चिन्हं आहेत. मधल्या मोकळ्या जागेचा एक बाइट धरला की झाले 34. तो मोडेम सेकंदाला साधारण 30 बाइट पाठवू शकतो. म्हणजे गावाचं नाव पोचायलाच सेकंदापेक्षा जास्त वेळ, मग गप्पा कशा मारायच्या?

तरीही याच वेगावर शेकडो लोकांना एका पाहुण्याशी बोलता येईल अशी सोय 1980 च्या दशकात उभी राहिली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीनं 5 नोव्हेंबर 1985 रोजी ‘क्वांटम लिंक’ ही सेवा सुरू केली. हीच कंपनी पुढे अमेरिका ऑनलाइन झाली. ग्राहकाकडे असायचा कमोडोर 64 संगणक. त्याची स्मृती 64 किलोबाइट आणि पडद्यावर एका ओळीत 40 अक्षरं. फोनच्या तारेनं तो कंपनीच्या मोठ्या यंत्रांना जोडला जाई. सेवेत गप्पांच्या साध्या खोल्या होत्या, तसं एक ‘सभागृह’ही होतं. तिथे पाहुणा व्यासपीठावर असे, श्रोते आपापल्या घरून प्रश्न टाइप करत आणि मधे बसलेला संचालक त्यातले निवडक प्रश्न पुढे सोडत असे.

संचालक नेमला तो केवळ शिस्तीसाठी, असं सहज वाटेल. मला मात्र त्यामागचं गणित जास्त महत्त्वाचं वाटतं. साध्या खोलीत एकानं लिहिलेली ओळ बाकीच्या प्रत्येकाकडे जाते. खोलीत 23 जण असले आणि प्रत्येकानं एकेकदा तोंड उघडलं, तर 23 गुणिले 22, म्हणजे 506 प्रती पाठवाव्या लागतात. माणसं 200 झाली की हा आकडा 39,800 होतो. माणसं नऊपटीहूनही कमी वाढली, वाहतूक जवळजवळ ऐंशीपट. शिवाय चाळीस अक्षरांची एक ओळ यायला सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागतो, म्हणजे 200 ओळी वाचणाऱ्याच्या पडद्यावर उतरायला साडेचार मिनिटं जाणार. सभागृहात तेच 200 प्रश्न फक्त एका रांगेत जमा होतात. त्यातले 20 निवडले आणि त्यांना 20 उत्तरं आली, तर सगळ्यांपर्यंत पोचतात 40 ओळी, म्हणजे 8,000 प्रती.

खोली आणि सभागृह यांतला तांत्रिक फरक इतकाच: आलेली ओळ कोणाकोणाला द्यायची, हा एक निर्णय. तो ग्राहकाच्या संगणकात होत नाही, पलीकडच्या सर्व्हरवर होतो. श्रोता, वक्ता आणि संचालक अशा तीन भूमिका सर्व्हर लक्षात ठेवतो आणि भूमिका पाहून ओळीला वाट देतो.

अशी जुनी सेवा पुन्हा उभी करताना घोडं अडतं ते नेमकं इथे. क्वांटम लिंक 1 नोव्हेंबर 1994 रोजी बंद पडली. सेवेच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपी ग्राहकांच्या कपाटांत टिकल्या, पण सर्व्हर गेला. संभाषणातलं एकाचंच बोलणं हाती उरलं. 2005 च्या सुमारास जिम ब्रेन आणि त्यांच्या सोबतच्या हौशी मंडळींनी ‘क्वांटम लिंक रीलोडेड’ घडवलं, ते हे उरलेलं बोलणं ऐकून. जुनी फ्लॉपी चालवायची, ती तारेवर काय मागते ते टिपायचं, उत्तर देऊन बघायचं. उत्तर चुकलं तर जुना प्रोग्रॅम अडतो, जुळलं तर पुढचा पडदा उघडतो. माहितीच्या प्रत्येक पुडक्याबरोबर त्याचा क्रमांक आणि चूक पकडणारी बेरीज जाते, तीही बरोबर जुळावी लागते. फोनच्या तारेच्या जागी आता इंटरनेट आहे आणि सर्व्हर जावा भाषेत लिहिलेला आहे. जुन्या कमोडोरला यातलं काहीच कळत नाही, त्याच्या लेखी समोर 1985 सालचंच यंत्र आहे. या कामाला लागणारी चिकाटी पाहून मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडे विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईच्या रेडिफनं नामवंतांना बोलावून अशाच संचालित गप्पा घडवल्या आणि त्यांची प्रश्नोत्तरं छापली. पण त्या इंग्रजीत. मराठीसाठी लागणारा पाया मात्र तोवर पुण्यात तयार झाला होता. सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांच्या जिस्ट तंत्रानं साध्या संगणकावर देवनागरी आणली होती. 1991 मध्ये प्रमाणित झालेल्या इस्की संकेतात प्रत्येक चिन्हाला एकच बाइट पुरतो. त्या हिशेबानं ‘वरवे बुद्रुक’ 12 बाइटांत मावतं आणि 300 बॉडवरही 0.4 सेकंदात पोचतं. कमोडोरचा आठ गुणिले आठ ठिपक्यांचा चौकोन मात्र वर मात्रा आणि खाली उकार घ्यायला अपुरा आहे. त्यासाठी अक्षरं चित्रासारखी काढावी लागतील. ते काम किचकट आहे, पण होण्यासारखं आहे.

जुनं सभागृह संग्रहालयासाठी उभं करायचं असेल तर ते हुबेहूब असावं, दोषांसकट. वापरासाठी करायचं असेल तर मी त्यात एक बदल मागेन. मूळ रचनेत रांग फक्त संचालकाला दिसे. न निवडलेला प्रश्न कोणी विचारला होता, हे इतर श्रोत्यांना कळायला मार्गच नव्हता. आपल्या ग्रामसभेत अध्यक्षस्थानी सरपंच असतात, कोणी कधी बोलायचं ते तेच ठरवतात. पण कोणी हात वर केला आणि त्याला बोलू दिलं नाही, हे अख्ख्या सभेला दिसतं. नोकरीसाठी पुण्यात राहणाऱ्या गावकऱ्यांना उद्या फोनवरून सभेत घ्यायचं झालं, तर रांगेतल्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांक आणि वेळ मिळावी, बाजूला ठेवलेल्या प्रश्नापुढे कारण यावं आणि ती सगळी यादी सर्वांना उघडी असावी. एका प्रश्नाची 40 चिन्हांची ओळ इस्कीत 40 बाइटांची होते. क्रमांक, वेळ आणि कारण यांची भर सोडली तर 200 प्रश्नांची अख्खी यादी 8,000 बाइटांत बसते, म्हणजे कमोडोरच्या 64 किलोबाइटांतला जेमतेम आठवा हिस्सा.