औषधाच्या आधी पोचलेली माणसं

व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जिथे बाहेर पडते, तिथे युगांडाचं जिंजा शहर आहे. २००५ ते २००९ या काळात इथे एक साधा प्रश्न तपासला गेला. एचआयव्हीच्या रुग्णाला गोळ्यांसाठी दर महिन्याला दवाखान्यात बोलवायचं, की गोळ्याच त्याच्या घरी न्यायच्या? गोळ्या नेणारा डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हता. प्रशिक्षण दिलेला साधा कार्यकर्ता. मोटारसायकलवरून यायचा, महिन्याच्या गोळ्या द्यायचा, यादीतले प्रश्न विचारायचा आणि एखादं लक्षण काळजीचं वाटलं तर केंद्रातल्या डॉक्टरला फोन लावायचा. साधारण साडेचौदाशे रुग्ण या पाहणीत होते. मृत्यू आणि रक्तात विषाणू न दबण्याचं प्रमाण, दोन्ही बाबतींत दोन गटांत फारसा फरक निघाला नाही. फरक निघाला तो रुग्णाच्या खिशात. दवाखान्यात येणाऱ्यांचं बसभाडं आणि बुडालेली मजुरी भारी पडत होती.

मोटारसायकलवरची ही माणसं ‘टासो’ची. दि एड्स सपोर्ट ऑर्गनायझेशन हे तिचं पूर्ण नाव, स्थापना १९८७ची. संस्थापक नोएरीन कालीबा कंपालाच्या मुलागो रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होत्या. नवरा क्रिस्टोफर इंग्लंडमध्ये शिकत असताना त्याला एड्स झाल्याचं कळलं. तिथे नर्स त्याला न घाबरता हात लावत होत्या. मायदेशी आल्यावर त्याच्या वाट्याला लोकांची भीती आली. जानेवारी १९८७मध्ये तो गेला. त्याच वर्षी कालीबांसह सोळा जणांनी टासो सुरू केली. त्यांतल्या बहुतेकांना स्वतःला लागण झालेली होती.

तेव्हा परिणामकारक औषध नव्हतंच. होतं ते समुपदेशन, जंतुसंसर्गावरचे किरकोळ उपचार आणि घरी जाऊन विचारपूस. १९८९मध्ये लोकप्रिय गायक फिली लुटाया यांनी आपला आजार उघड सांगितला, तेव्हा देश हादरला. टासोचे रुग्ण नाटकमंडळी काढून शाळांतून, बाजारांतून गाणी म्हणत आणि आपली हकिगत सांगत. मला हीच प्रतिबंधाची खरी मोहीम वाटते. भिंतीवरच्या पोस्टरला कोणी शंका विचारू शकत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारता येते.

औषध निघालं, पण वर्षाला दहा हजार डॉलरच्या पुढे. ही कोंडी फोडण्यात मुंबईचा हात आहे. फेब्रुवारी २००१मध्ये तिथल्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा कोर्स ३५० डॉलरमध्ये देऊ केला. आपल्या तेव्हाच्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, म्हणून हे जमलं. कंपालात डॉ. पीटर मुगेन्यी यांनी पेटंटची पर्वा न करता सिप्लाच्या गोळ्या मागवल्या. त्या सुरुवातीच्या गोळ्यांतल्या स्टॅव्हुडिनने गाल बसत, पाय बधिर होत. पण माणसं जगत. पुढे जास्त सुसह्य औषधं आली आणि स्टॅव्हुडिन मागे पडलं.

गोळ्या स्वस्त झाल्या तेव्हा टासोकडे वाटायला माणसं आणि रुग्णांच्या घरांचे रस्ते तयार होते. हे तिचं मोठं भांडवल, आणि हिशेबाच्या वहीत ते कुठेच दिसत नाही. पुढे वाटपाच्या जागा खेड्यापाड्यांत गेल्या; काही ठिकाणी तर गावातल्या रुग्णांचा गट आळीपाळीने एकालाच केंद्रावर धाडतो आणि तो सगळ्यांच्या गोळ्या घेऊन येतो. नियमित गोळ्यांनी विषाणू पुरता दबला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. म्हणजे ही फेरी उपचाराचीही आहे आणि प्रतिबंधाचीही.

आता प्रतिबंधाचं नवं साधन आलंय, लेनाकापाविर. वर्षातून दोनच इंजेक्शनं. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ तरुणी आणि मुलींपैकी एकीलाही लागण झाली नाही. हा निकाल २०२४चा. पण सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतलेल्या मुलीला आठवण करून देऊन परत आणणारं कोणीतरी हवं. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि आधी गदा आली ती असल्याच कामावर. पुढच्याच महिन्यात युगांडाच्या आरोग्य खात्याने एचआयव्हीची स्वतंत्र केंद्रं सर्वसाधारण ओपीडीत मिसळायला सांगितली. डॉक्टर तिथे मिळेल. मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसे कोणत्या खात्यातून टाकायचे, हे अजून ठरायचं आहे.