पेशींचे विज्ञान आणि संमतीचा प्रश्न

इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न आवर्जून विचारतो : हे कार्य कोणाच्या श्रमावर, कोणाच्या देहावर उभे राहिले? हा प्रश्न विज्ञानालाही विचारला पाहिजे.

कर्करोगावरील नवे औषध थेट रुग्णावर वापरून पाहता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ गाठीचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील पेशी प्रयोगशाळेत वाढवितात. शर्करा, क्षार, जीवनसत्त्वे आणि वासराच्या रक्तातील द्रव यांच्या मिश्रणात, ३७ अंश सेल्सिअस उष्णतेत व पूर्ण निर्जंतुक वातावरणात या पेशी ठेवतात. निरोगी पेशी ठरावीक वेळा विभागून थांबतात. कर्करोगाच्या काही पेशी मात्र थांबतच नाहीत. भांडे भरले की त्यांतील थोड्या नव्या भांड्यात घालतात आणि काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवतात.

अशा अखंड वाढणाऱ्या पहिल्या मानवी पेशी १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मिळाल्या. त्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या होत्या. तंबाखूच्या शेतात राबलेल्या या मातेला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा कक्ष होता. तेथे तिला न विचारता पेशी घेण्यात आल्या. त्याच वर्षी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती वारली. तिच्या 'हेला' पेशी जगभर गेल्या. कुटुंबाला हे कळण्यास सुमारे वीस वर्षे लागली.

या पेशी वाढविणाऱ्या जॉर्ज गाय यांच्याच प्रयोगशाळेत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी हे तंत्र अभ्यासले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. आज पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरविते.

हेला पेशींमुळे पोलिओ लसीची पारख सुकर झाली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणूचा एक प्रकार याच पेशींतही आढळला. त्या विषाणूच्या संशोधनातूनच आज मुलींना दिली जाणारी प्रतिबंधक लस निघाली.

दिंद्रुड परिसरातील वाचकांना ही कथा परकी वाटू नये. गर्भाशय ठेवले तर कर्करोग होईल, अशी भीती घालून आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी आल्या. २०१९ साली राज्य शासनाला त्यासाठी समिती नेमावी लागली. तेथे एका स्त्रीला काही विचारलेच नाही. येथे कित्येकींना घाबरवून होकार घेतला गेला. घाबरवून घेतलेला होकार ही संमती नव्हे.

विज्ञानाकडे पाठ फिरविणे हा यावरील उपाय नाही. लस अवश्य घ्यावी, तपासणी वेळेवर करावी. परंतु कागदावर अंगठा उठविण्यापूर्वी विचारावे : काय काढणार? कशासाठी? दुसरा इलाज आहे का? ज्या मातांना हे विचारता येत नाही, त्यांच्या शेजारी आमच्या शाळेत शिकलेल्या लेकरांनी उभे राहावे. बाबासाहेबांनी शिकण्याचा आग्रह धरला, तो याचसाठी.