मेंदूचा कारभार

पोळी उलटतांना बोट तापलेल्या तव्याला लागलें, तर हात क्षणार्धांत मागें येतो. चटक्याची जाणीव मात्र हात मागें आल्यावर होते. मग हात मागें घेण्याचा हुकूम दिला कोणीं? मेंदूनें नव्हे; तो पाठीच्या कण्यांतून सुटलेला असतो. मज्जासंस्थेंतील सर्व कामें एकाच ठिकाणीं होत नाहींत. बहुतेक कामांचीं ठिकाणें ठरलेलीं असतात, हें या साध्या घटनेवरून ध्यानांत येतें.

कण्याच्या पोकळींतून सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीची मज्जारज्जु खालीं उतरलेली असते. तिच्यापासून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघून अंगभर पसरतात. मेंदूपासून निघणाऱ्या १२ जोड्या निराळ्याच. त्वचा, डोळे, कान यांच्याकडून वर्दी आणणारे ते ज्ञानतंतु, आणि स्नायूंकडे हुकूम नेणारे ते गतितंतु. हा निरोप किती वेगानें जातो, हें मोजणें अशक्य आहे असें एके काळीं मानीत. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानें १८५० सालीं बेडकाच्या तंतूवर प्रयोग करून तो वेग सेकंदाला २५-३० मीटरच भरतो, असें दाखविलें. माणसाच्या कांहीं तंतूंत तो १०० मीटरांपर्यंत जातो. परंतु वेदना वाहणारे कित्येक तंतु सेकंदाला एखादा मीटर इतके मंद असतात. म्हणूनच भाजल्याची आग मागाहून जाणवते.

मज्जारज्जूच्या वरच्या टोंकास लंबमज्जा असते. मनुष्य गाढ निजलेला असतांही श्वास चालू ठेवणें व हृदयाच्या गतीचें नियमन करणें हें तिचें काम. तिच्या मागील बाजूस लहान मेंदू असतो. तोल सांभाळणें व अनेक स्नायूंच्या हालचालींचा मेळ घालणें हें त्याच्याकडे. मद्यप्याचें पाऊल वांकडें पडतें, तें मुख्यतः याच भागाचें काम बिघडल्यामुळें.

या सर्वांच्या वर मोठा मेंदू. त्याचे दोन अर्धगोल असून पृष्ठभागावर घड्या पडलेल्या असतात. दृष्टीचें केंद्र अगदीं मागें, श्रवणाचें कानाजवळ, स्पर्शाचें व हालचालींचें मध्यभागीं, आणि विवेक व संयम यांचें कपाळामागें असतें. गतितंतूंपैकीं बहुतेक लंबमज्जेंत बाजू बदलतात. त्यामुळें उजवें अंग डाव्या अर्धगोलाच्या हुकमतींत असतें, व डावें उजव्याच्या.

या जागा कळल्या कशा? बहुतांशीं आजारी माणसांवरून. १८६१ सालीं पॅरिस येथें ब्रोका नांवाच्या शस्त्रवैद्यापुढें एक रोगी आला. त्याला दुसऱ्याचें बोलणें समजे. स्वतःच्या तोंडून मात्र ‘तान’ एवढाच उच्चार निघे. तो मरण पावल्यावर मेंदू तपासतां डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागांत एक जागा नासलेली आढळली. पुढें १८७४ मध्यें वेर्निके यानें याउलट स्थिति वर्णिली: रोगी अस्खलित बोलतो, पण त्याला दुसऱ्याचें समजत नाहीं. अशा रोग्यांत बिघाड डाव्या बाजूसच, पण अधिक मागें असतो. बोलणें व समजणें हीं वरवर एक वाटणारीं कामें दोन जागीं वांटलेलीं आहेत, हें यावरून उघड झालें.

हें ज्ञान केवळ पंडितांच्या उपयोगाचें नाहीं. मेंदूचें वजन शरीराच्या शेंकडा २ इतकेंच, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें शेंकडा २० तो एकटा घेतो, आणि त्याचा सांठा करून ठेवूं शकत नाहीं. एखादी मोठी रक्तवाहिनी गुठळीनें बंद झाली, कीं दर मिनिटाला सुमारें १९ लक्ष चेतापेशी मरतात, आणि त्या पुन्हां भरून येत नाहींत. घरांतील वडील माणसाचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, एक हात लुळा पडला वा बोलणें अडखळूं लागलें, तर तो अर्धांगवायूचा झटका समजावा. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंतच देतां येतें, आणि तेंही रक्तस्राव नाहीं याची तपासणीनें खात्री झाल्यावर. म्हणून तेल चोळीत बसूं नये, तोंडांत पाणी घालूं नये, झोपून उठल्यावर बरें वाटेल अशी आशा धरूं नये. लक्षणें किती वाजतां दिसलीं तें घड्याळांत पाहावें, आणि रोग्यास तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें.