प्रौढांचे वाचनशिक्षण : शब्दाकडून ध्वनीकडे

सातारा जिल्ह्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम, ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी भरलेली आजीबाईंची शाळा आणि पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी २०२२ पासूनचा नवभारत साक्षरता कार्यक्रम यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. वाचन शिकण्यास वयाची आडकाठी नाही. प्रश्न पद्धतीचा आहे.

संपूर्ण साक्षरता अभियानाच्या दिवसांत प्रस्तुत लेखकाने रात्रीच्या वर्गात पन्नाशीच्या एका शेतकऱ्यास 'अ'पासून गिरवावयास लावले. चौथ्या दिवशी ते आले नाहीत. "पोरासोरांचा धडा नको," असा निरोप मात्र आला. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

प्रौढाजवळ शब्दांचा मोठा साठा आधीच असतो. त्यास केवळ त्यांची लेखी खूण ओळखावयाची असते. म्हणून आरंभ बाराखडीने न करता ओळखीच्या शब्दाने करावा. 'मका' हा शब्द घ्या. तो सावकाश उच्चारून घ्यावा, फळ्यावर लिहावा, मग 'म' आणि 'का' वेगळे करून दाखवावेत. त्याच अक्षरांतून काम, काका, मामा हे शब्द विद्यार्थ्याकडूनच जुळवून घ्यावेत. पहिल्याच रात्री चार शब्द वाचता आले, की तो दुसऱ्या रात्री आपण होऊन येतो.

पुढील अडचणी शिक्षकांनी आधीच ध्यानी घ्याव्यात :

१. 'विळा' यातील ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी दिसते, परंतु तिचा उच्चार नंतर होतो.
२. 'काम' लिहिताना 'म' पूर्ण असतो. बोलताना त्यातील 'अ' लोपतो.
३. 'चाक' व 'चहा' यांत 'च' एकच, उच्चार दोन. अर्थावरून उच्चार ठरवावयास शिकवावे.
४. सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या यांतील 'र'ची रूपे एकाच दिवशी शिकवू नयेत.

अक्षरओळख स्थिरावल्यावर शब्दांची कुळे दाखवावीत : शेत, शेतकरी, शेतमजूर, शेतसारा, पाणी, पाणवठा, पाणलोट. मूळ शब्द ओळखता आला, की लांब शब्दाचे भय उरत नाही. पाचवी-सहावीत मागे राहिलेल्या मुलांनाही हीच रीत उपयोगी पडते.

शिकणाऱ्यास 'दादा', 'मावशी' असे आदराने संबोधावे व चुकीबद्दल चारचौघांत टोकू नये. ज्या दिवशी तो सातबाऱ्यावरील आपले नाव स्वतः वाचील आणि अंगठ्याऐवजी सही करील, तो दिवस त्याच्याइतकाच आपल्याही समाधानाचा होय.